डीपी जळाली की खव्याचं काय करायचं

ताई, वादळात डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) जळून दोन-तीन दिवस लाईन नव्हती, साखरपुड्यासाठी आणलेला खवा आणि दूध फेकावं लागलं, पुढच्या वादळाची आत्तापासून धास्ती आहे, असं तुम्ही लिहिलंय. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वी तालुक्यात आम्ही हेच भोगलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. फ्रिजचं दार सारखं उघडायचं नाही वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल.

आमचं नुकसान उन्हापेक्षा खोट्या आशेनं जास्त केलं. वीज कार्यालयाचं नाव घेत नाही. सकाळी फोन लावला तर, "येऊन राहिली जी लाईन, दुपारपर्यंत." दुपारी, "गाडी निघाली जी." आणि दिवेलागणीला कळलं की गावाची थकबाकी भरल्याशिवाय नवी डीपी मिळणारच नाही! हे सकाळीच सांगितलं असतं तर घरात दोन चुली पेटवून सगळं दूध आटवून झालं असतं. घरच्या गवळाऊ गाईंचं दूध, वर पिवळी साय धरलेलं, सगळं नासलं. दर महिन्याला बिल भरणाऱ्यांनाही तीच शिक्षा. हा राग माझा अजून गेलेला नाही. वायरमनवर मात्र राग काढू नका. भर उन्हात खांबावर तोच चढतो, पण डीपी देणं त्याच्या हातात नसतं.

म्हणून माझं ठाम मत: लाईन कधी येणार यावर अन्नाचा निर्णय सोडू नका, घड्याळावर घ्या. दार बंद ठेवलं तर फ्रिज साधारण 4 तास थंडावा धरतो, गच्च भरलेला डीप फ्रीझर 48 तास, अर्धा भरलेला 24. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, त्यात वर टिनाचं छत, म्हणून मी यापेक्षा कमीच धरते. दोनेक तासांत लाईन आली नाही तर दूध काढून उकळायचं आणि विरजण लावायचं. साय विरजून लोणी काढा, कढवा. तुपाला फ्रिज लागत नाही. खवा साखर घालून परता आणि पेढे वळा, त्याच दिवशी शेजारीपाजारी वाटून टाका.

वेळ उलटून गेल्यावर खवा, पनीर, मटण, शिजलेला भात ठेवू नका. वास चांगला आहे म्हणून "पुन्हा उकळून घेऊ" म्हणणारे घरोघरी असतात. काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही. मी डॉक्टर नाही, पण लग्नाच्या पंगतीत ही जोखीम मी कधीच घेणार नाही.

वादळाचा इशारा आला की आदल्या रात्री बाटल्या पाऊण भरून फ्रीझरमध्ये घाला. वाटीत पाणी गोठवून वर एक नाणं ठेवा. लाईन परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. भाज्या टोपलीत, वर ओलं गोणपाट. हे मे महिन्याच्या कोरड्या हवेत छान चालतं, आषाढातल्या दमट हवेत नाही. घरात इन्सुलिन असेल तर ते बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलं की वाया जातं. ते कसं ठेवायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

आणि हो, कार्यालयाला नुसते फोन लावत बसू नका. 1912 या वीज-तक्रारीच्या क्रमांकावर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. वीज कायदा 2003 च्या कलम 57 प्रमाणे सेवेची मानकं (ठरलेल्या वेळेत दुरुस्ती वगैरे) पाळली नाहीत तर भरपाई मागता येते. ती ठरलेल्या दरानं मिळते, खव्याच्या किमतीइतकी नाही. पण अर्ज लेखीच द्या, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. तिथं तक्रार लेखीच द्यावी लागते, म्हणून पोच जपून ठेवा.