दंगल-मारहाण न दाखवता वंशभेदावर बोलणारा जुना अमेरिकन चित्रपट कोणता? दहावीतल्या मुलाबरोबर बघता येईल असा?

माझं उत्तर: 'टेक अ जायंट स्टेप', १९५९, दिग्दर्शक फिलिप लीकॉक. याचं नाव फारसं कुणी घेत नाही. सिडनी पॉइटियरसारखा त्या काळचा गाजलेला काळा नट असता तर घेतलं असतं!

स्पेन्स सतरा वर्षांचा, काळा. घर उत्तरेकडच्या एका शहरात, गोऱ्यांच्या वस्तीत. वडील बँकेत, घरात पियानो, कामाला बाई. पैशाची ददात नाही. लहानपणापासूनचे मित्र म्हणजे गल्लीतली गोरी पोरं. आता त्या पोरांना मुलींबरोबर हिंडायचं असतं आणि मुलींच्या घरच्यांना हा काळा मित्र सोबत नको असतो. कुणी शिवी देत नाही, हात उचलत नाही. याला बोलावणं तेवढं बंद होतं.

त्यात शाळेत भडका उडतो. इतिहासाच्या बाई अमेरिकेचं यादवी युद्ध (गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेत पेटलेलं) शिकवताना असं चित्र उभं करतात की गुलामांनी स्वतःच्या सुटकेसाठी काहीच केलं नाही. स्पेन्स वाद घालतो, वर्गातून उठून जातो, मग संडासात सिगार ओढताना सापडतो आणि त्याची घरी रवानगी होते. सिगार चूकच, पण इतिहास त्याच्या बाजूने आहे: उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० काळे सैनिक होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आपल्यापैकी बऱ्याच जणांची या युद्धाशी ओळख त्या अर्पणपत्रिकेपासून होते, म्हणून तो वर्गातला प्रसंग मला जरा जास्तच लागला. मुक्त होणाऱ्यांनीही बंदूक उचलली होती, एवढंच तर पोरगं सांगत असतं.

पण चित्रपटाचा जीव शाळेत नाही, घरात आहे. आईवडील त्याला जवळ घेत नाहीत, झापतात. माफी माग, शाळेत परत जा. बँकेत रोज मलाही गिळावं लागतं, असा बापाचा सूर. पहिल्यांदा बघताना मला त्या बापाचा भयंकर राग आला होता. नंतर लेव्हिटाउनबद्दल वाचलं. पेन्सिल्व्हेनियातली ही नवीकोरी वसाहत. ऑगस्ट १९५७ मध्ये तिथे पहिलं काळं कुटुंब राहायला आलं, तर घरासमोर जमाव जमला, दगड आले. हा चित्रपट त्यानंतर दोनच वर्षांनी आला. पडद्यावर यातलं काही दिसत नाही, पण अशा वस्तीत घर टिकवून धरणारा बाप पोराला दुसरं काय सांगणार, हे तेव्हा कळलं. राग गेला असं नाही म्हणणार.

आजी मात्र नातवाच्या बाजूने उभी राहते आणि लेकीजावयाला सुनावते. एस्टेल हेम्सली यांना या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं होतं. आईच्या भूमिकेत बीया रिचर्ड्स, घरकाम करणारी क्रिस्टीन म्हणजे रुबी डी. स्पेन्स झालाय जॉनी नॅश; हाच पुढे १९७२ मध्ये 'आय कॅन सी क्लिअरली नाऊ' या गाण्याने जगभर गाजला. मूळ नाटक लुई पीटरसन यांचं, १९५३ साली ब्रॉडवेवर आलेलं, आणि त्यात स्पेन्सचं काम शाळकरी वयाच्या लुई गॉसेटने केलं होतं.

नाटकाचा वास जात नाही, हे आधीच सांगतो. माणसं दिवाणखान्यात उभी राहून लांबलचक बोलतात. स्पेन्स घरातून पळून काळ्यांच्या वस्तीतल्या बारमध्ये जातो तो भाग मला ओढूनताणून वाटला. तिथे वेश्या येतात, पुढे क्रिस्टीनबरोबरच्या प्रसंगात वयात येणाऱ्या मुलाचं बोलणं आहे. उघडंवाघडं काही नाही. दहावीतल्या मुलाबरोबर बघताना दोन मिनिटं अवघडल्यासारखं होईल, इतकंच.

शेवटी तो मित्रांना घरी बोलावतो आणि ते काही म्हणायच्या आत आपणच सांगून टाकतो की आता पियानो आणि अभ्यास, खेळायला वेळ नाही. तिथे मुलाला विचारून बघा, हा जिंकला की हरला. माझ्या मुलीचं आणि माझं यावर अजून एकमत झालेलं नाही.