पखवाज दारात हरवतो

प्रश्न : काका, नमस्कार. माझी सिंगल केबिनची पिकअप आहे. टोमॅटोच्या हंगामात आठवड्यातून चार रात्री पिंपळगाव बसवंतहून वाशी मार्केटला माल नेतो. गाडीत कंपनीचा डेक आहे आणि दोन दारांत दोन स्पीकर. गाडी उभी असली की भजन छान ऐकू येतं, पण साठच्या पुढे गेलो की पखवाज गायब. आवाज वाढवला तर चिरकतो. एका दुकानात सांगितलं, डेक काढून टाका, 1000 वॅटचा अ‍ॅम्प (आवाजाची ताकद वाढवणारं यंत्र) आणि 12 इंची बेसट्यूब (नळकांड्यातला मोठा वूफर) बसवा, 32 हजार लागतील. बसवू का?
– एक वाचक, ता. निफाड

उत्तर : भाऊ, पैसे अजून दिले नसतील तर थांबा. तुमचा पखवाज डेकमध्ये हरवत नाही, तो दारात हरवतो.

एका बाजूच्या दाराचं पॅड काढून बघा. आतल्या पत्र्याला हात सहज जाईल एवढी भोकं दिसतील. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा जेवढी हवा तुमच्याकडे ढकलतो, तेवढीच मागे दाराच्या पोकळीत ओढतो. मागचा उलटा आवाज त्या भोकांतून बाहेर येतो आणि पुढच्याला खाऊन टाकतो. टाळ, पेटी, गळा यांना फारसा धक्का बसत नाही, जातो तो खालचा सूर. पखवाजाची कणीक लावलेली बाजू नेमकी तिथलीच. गाडी उभी असताना कान उरलंसुरलं पकडतो. चालू गाडीत डिझेल इंजिन आणि टायरची घरघर त्याच पट्टीत असते, मग तेही बुडतं.

म्हणून पहिला खर्च डॅम्पिंग शीटचा. डांबरासारखी चिकट, वरून अॅल्युमिनियमची पातळ चादर असलेली शीट मिळते. आधी थिनरच्या फडक्याने पत्रा पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग बाहेरच्या पत्र्याला आतून, विशेषतः स्पीकरच्या बरोबर मागे, शीट लावून रोलरने दाबा. त्यानंतर आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करा. तिथे नुसती शीट ताणू नका, अॅल्युमिनियमचा तुकडा कापून स्क्रूने बसवा. उद्या काचेची मशीन बिघडली तर उघडता आलं पाहिजे. दाराच्या तळाची बारीक भोकं मात्र अजिबात बुजवू नका. काचेवरून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते तिथूनच बाहेर जातं. इगतपुरीचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू! कंपनीने लावलेला प्लास्टिकचा पडदाही फाडून टाकू नका, परत चिकटवा.

हे झालं की जुन्याच स्पीकरवर भजन लावून बघा. माझ्याकडे आलेल्या कितीतरी ड्रायव्हरांनी इथेच समाधान मानलं आणि मीही त्यांना पुढचं काही विकलं नाही.

स्पीकर बदलायचेच असतील तर खोक्यावरच्या मोठ्या वॅटला भुलू नका, डेसिबलचा आकडा बघा, म्हणजे ठरावीक विजेत स्पीकर किती मोठा बोलतो ते. 88 डेसिबलच्या स्पीकरला जेवढी वीज लागते, तिच्या निम्म्यात 91 डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज देतो. डेकवर 4×50 (चार स्पीकरना प्रत्येकी 50 वॅट) लिहिलेलं असतं, तो क्षणभराचा आकडा. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या 14 व्होल्टच्या आसपासच्या विजेतून 4 ओहमच्या स्पीकरला स्वच्छ असे 18 ते 20 वॅटच जातात. त्यापुढे डेकला ताणलं की चिरकतं. म्हणून कमी विजेत मोठा बोलणारा स्पीकर घ्या. खरेदीआधी काच पूर्ण खाली करून मागची खोली मोजा, नाहीतर मॅग्नेट काचेला अडेल. स्पीकरखालची रिंग साध्या एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) नको, दारातल्या ओलीने ती फुगते. प्लास्टिकची घ्या.

दोन्ही स्पीकरचे प्लस-मायनस जुळवा. पेन्सिल सेल क्षणभर लावला की पडदा बाहेर येतो. सेलचा प्लस ज्या टोकाला, ते स्पीकरचं प्लस. एक उलटा जोडला तर दोघे एकमेकांचा खालचा सूर मारतात, मग दाराला शीट लावूनही पखवाज यायचा नाही. आणि स्पीकरची मायनस वायर बॉडीला अर्थ करायची जुनी सवय कुणा मिस्त्रीला असेल तर त्याला थांबवा. हल्लीच्या डेकला ती चालत नाही, आतली आयसी जळते.

आता अ‍ॅम्प. 1000 वॅट खरे असतील तर शंभराच्या आसपास अँपिअर लागतील. बहुतेक पिकअपचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) सगळा त्यालाच जुंपला तरी पुरायचा नाही. आणि खरे नसतील तर तुम्ही स्टिकरचे पैसे देताय. सिंगल केबिनला एका चॅनलला, म्हणजे एका स्पीकरला, 50 वॅट आरएमएस (सतत मिळणारे खरे वॅट) भरपूर झाले. हाय लेव्हल इनपुटवाला छोटा अ‍ॅम्प घेतला की डेकच्या स्पीकरच्या वायरींवरूनच तो चालतो, डेक काढावा लागत नाही. कंपनीची वायरिंग कापू नका, कपलर (खटक्याने बसणारा जोड) लावूनच जोड घ्या. 12 इंची ट्यूब सीटमागे कोंबली की जॅक-पाना ठेवायला जागा उरत नाही, आणि जोरात ब्रेक लागला तर ती मानेवर येते. हवाच असेल तर सीटखाली मावणारा 8 इंची चपटा वूफर बोल्टने पक्का करा. (इंजिन सीटखाली असलेल्या छोट्या गाडीत मात्र तिथे काही ठेवू नका.)

फ्यूजबद्दल माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. अ‍ॅम्पची वायर थेट बॅटरीवरून, शुद्ध तांब्याची, 8 ते 10 स्क्वेअर एमएमची. 30 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून फूटभराच्या आत. मी नवीन होतो तेव्हा एका गाडीत फ्यूज केबिनमध्ये, अ‍ॅम्पजवळ लावला आणि पत्र्यातून वायर नेताना रबरी बूच घातलं नाही. कसारा घाटात वायर पत्र्याला घासून उघडी पडली आणि बॉनेटमधून धूर निघाला. फ्यूज शाबूत होता, कारण जळणारी वायर फ्यूजच्या आधीची होती. ड्रायव्हरने उतरून बॅटरीची पट्टी उपटली म्हणून गाडी आणि माणूस दोन्ही वाचले. तेव्हापासून बूच आणि फ्यूज स्वतः तपासल्याशिवाय मी बॉनेट बंद करत नाही.

वाशीला गाडी खाली व्हायची वाट बघत इंजिन बंद करून ऐकत असाल तर एक छोटा व्होल्टमीटर लावा. भरलेली बॅटरी 12.6 दाखवते. 12.2 वर आली की अर्धी संपली समजा आणि डेक बंद करा, नाहीतर पहाटे धक्का मारायला माणसं शोधावी लागतील.

आवाज एवढाच ठेवा की मागचा टायर बदललेल्या सुरात बोलू लागला तर कळेल. 85 डेसिबल आठ तास ही कानाची हद्द धरतात. त्यावर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो.

प्रश्न : नवा अ‍ॅम्प बसवल्यापासून स्पीकरमध्ये शिट्टी येते. रेस दिली की ती चढते. अल्टरनेटर खराब झाला का?
– एक वाचक, चांदवड

उत्तर : ताई, अल्टरनेटरला हात लावण्याआधी अ‍ॅम्पची अर्थ वायर बघा. ती सीटच्या बोल्टला रंगावरच आवळलेली असते, असं मला फार वेळा दिसलंय. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, दीड फुटाच्या आत, बॅटरीच्या वायरीएवढ्याच जाड वायरीने अर्थ घ्या. मग अ‍ॅम्पच्या आरसीए वायरी (डेकमधून आवाज आणणाऱ्या) काढून गाडी चालू करा. शिट्टी गेली तर ती त्याच वायरींतून येतेय. त्या वायरी बॅटरीच्या वायरीपासून सोडवून केबिनच्या दुसऱ्या बाजूने आणा. वायरी काढूनही राहिली तर अर्थ पुन्हा तपासा, आणि तरीही राहिली तर मात्र अल्टरनेटर खोलायला द्या.