टोमणा कळत नसेल, तर सरळ सांगा

पत्र : ताई, आम्ही सांगलीचे, गणपती पेठेत किराणा-भुसारचं दुकान आहे. दीर ३४ वर्षांचे, ९ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. गोळ्या वेळेवर घेतात, कानात आवाज येणं कधीच थांबलंय. गेल्या महिन्यात माझे वडील गेल्याचा फोन आला. मी स्वयंपाकघरात रडत होते, तर भाऊजी दारात येऊन म्हणाले, "वहिनी, मग आज भाकरी कोण करणार?" दुकानात एक गिऱ्हाईक थट्टेनं म्हणालं, "काय मालक, आज लुटायचं ठरवलंय का?" तर गल्ला तसाच सोडून घरी आले. हे म्हणतात, सगळी सोंगं आहेत, लाड बंद करा. एका पैचा हिशेब चुकत नाही, मग माणूस कसा कळत नाही? पुढच्या महिन्यात विट्याला नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. त्यांना न्यावं का?

उत्तर : वहिनी, भाकरीचं ते वाक्य वाचून मलाच गलबलून आलं. तुम्हाला लागलं ते बरोबरच आहे. त्यांना आजार आहे म्हणून तुम्ही राग गिळलाच पाहिजे, असं मी म्हणणार नाही. पण ते सोंग नव्हे.

हिशेब करणं वेगळं आणि समोरच्याचं मन ताडणं वेगळं. या आजारात दुसरी गोष्ट बऱ्याच जणांची अधू होते. हसरा चेहरा ओळखता येतो, पण दुःख आणि भीती ओळखणं जड जातं. आडून बोललेलं पोचत नाही. कुठल्या प्रसंगी काय बोलू नये, हा न सांगता पाळायचा नियम सुटतो. थट्टेत शत्रुत्व दिसतं. गल्ल्यावर नेमकं तेच झालं. २०११ साली ५२ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात रोजच्या जगण्यातल्या अडचणींशी सगळ्यात जवळचा संबंध निघाला तो दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्याचा. स्मरणशक्ती, लक्ष अशा गोष्टी त्याच्या मागे. गोळ्या मुख्यतः मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं काम आवरतात, म्हणून आवाज आणि संशय शमतात. ही ताडण्याची ताकद त्यांनी फारशी परत येत नाही. म्हणून गोळ्या चालू असूनही हे उरतं. (पण म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे ह्यांनाही सांगा.)

त्यात आपली भाषा! निघताना "येतो" म्हणायचं, साखर संपली की "साखर वाढली" म्हणायचं, आणि राग आला की "या, बसा आता डोक्यावर". निम्मं बोलणं आडवळणाचं. तुम्ही रडताना भाऊजींना अश्रू दिसले असतील, पण त्यांचा अर्थ लागला नसेल. रोजच्या भाकरीची घडी विस्कटली एवढंच कळलं असेल.

तेव्हा अर्थ तुम्ही शब्दात द्या. "भाऊजी, माझे वडील गेले, मला फार दुःख झालंय. भाकरी आज बाहेरून आणा, आणि पाच मिनिटं माझ्याजवळ बसा." कृत्रिम वाटेल, पण करून बघा. ते बसतील, असं मला वाटतं.

दुकानासाठी एक सवय लावा. संध्याकाळी विचारायचं, "तो माणूस असं का म्हणाला असेल? आणखी एक कारण सांगा." पहिलं कारण "मला चोर समजतो" असेल, तर दुसरं "भाव कमी करून हवाय". हे दुसरं कारण शोधणं प्रत्यक्ष उपचारांतही शिकवतात. टीव्हीवरची मालिका आवाज बंद करून बघायची आणि बाईच्या चेहऱ्यावर राग आहे की काळजी ते ओळखायचं. हाही तसाच सराव, आणि मजेचा. घासाघीस मात्र ह्यांनी सांभाळावी, वही-वजन भाऊजींकडे.

आता ह्यांच्यासाठी. घरातली सततची टीका, टोमणे आणि फाजील काळजी यांनी आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे ब्रिटनमधल्या अभ्यासांतून १९५०च्या दशकाअखेरीपासून दिसत आलंय. १९८०च्या दशकात चंदीगडच्या कुटुंबांत असं वातावरण लंडनपेक्षा कमी आढळलं. आपल्या घरांची ती पुण्याई "लाड बंद करा" म्हणून घालवू नका. आणि हो, हे सगळं शिकवणं एकट्या वहिनीच्या गळ्यात का? भाऊ त्यांचा आहे.

झोप उडाली, एकटेच पुटपुटायला लागले, अन्नावर संशय घेऊ लागले, तर तो वेगळा मामला. तेव्हा थांबू नका, तुमच्या डॉक्टरांकडे किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचार विभागात न्या. रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे.

विट्याला न्याच. अहो, ते मुलीचे मामा! भर मांडवात माइकवरून पुकारा होतो, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." लग्नात बाकी सगळं ताडावं लागतं, मामाचं काम तेवढं ओरडून सांगितलं जातं. आदल्या दिवशी कार्यालयात त्यांना खोलीपासून बोहल्यापर्यंत दोनदा चालवून आणा. पुकारा कोण करणार, तो माणूस दाखवा. अंतरपाट धरला की कुठे उभं राहायचं, तेही ह्यांनीच शेजारी उभं राहून दाखवावं. पंगतीत कुणी चेष्टेनं "मामा, तुमचा नंबर कधी?" असं विचारणारच. त्यावर काय म्हणायचं, ते मात्र घरीच ठरवून घ्या. "बघू" पुरे.