अंगणातल्या उड्या आणि लिंबूटिंबू

प्रश्न : ताई नमस्कार, माझं माहेर डिचोली तालुक्यातलं, आता फोंड्याला फ्लॅटमध्ये राहतो. मुलगी 8 वर्षांची आहे. सुट्टीत तिला ठिकरी शिकवावी म्हणून खाली पार्किंगमध्ये खडूने घरं आखून दिली, दोन दिवस खेळली आणि मग बोअर होतं म्हणाली. आम्ही तर काळोख पडेपर्यंत खेळायचो, आई हाका मारून दमायची. माझं काय चुकतंय? आणि खरं सांगायचं तर शेवटी आपलं घर कसं मिळायचं ते मलाच नीट आठवत नाहीय.
— एक आई, फोंडा

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा माझ्या बोटांना कौलाची लाल भुकटी आठवली. फुटक्या मंगळुरी कौलाचा तुकडा घ्यायचा, चिऱ्याच्या पायरीवर घासघासून गोल करायचा, कडा गेल्या की थुंकी लावून पुसायचा, आणि मग ती ठिकरी रात्री दप्तरात ठेवायची कारण दुसऱ्या दिवशी कोणी ढापली तर. फरशीचा तुकडा घेणाऱ्या मुली पण होत्या, पण फरशी सरकत लांब जाते, कौल कसं पडल्या जागी बसतं. पेव्हर ब्लॉकवर मात्र दोन्ही उपयोगाचे नाहीत, फटीत अडकतात. त्यामुळे एक तर जागा बदला, सोसायटीत कुठे साधी माती किंवा सपाट कोबा असेल तर तिथे आखा.

आता नियम. ठिकरी पहिल्या घरात टाकायची, ते घर सोडून लंगडी घालत पुढे जायचं, जोडघरात दोन्ही पाय टेकायचे, शेवटी उडी मारून वळायचं आणि परत येताना एका पायावरच वाकून ठिकरी उचलायची. मग दुसरं घर, तिसरं घर असं. रेषेवर पाय पडला किंवा ठिकरी रेषेवर पडली की आऊट. सगळी घरं झाली की पाठमोरं उभं राहून डोक्यावरून ठिकरी मागे टाकायची, ज्या घरात पडेल ते तुमचं. त्यात फुली मारायची. तुम्ही तिथे दोन्ही पाय टेकून आरामात उभं राहायचं आणि बाकीच्यांनी ते उडी मारून ओलांडायचं. आमच्याकडे त्याआधी अजून एक फेरी असायची, मान वर आभाळाकडे करून प्रत्येक घरात पाऊल टाकायचं आणि दर पावलाला ‘आमराईट?’ विचारायचं. हे इंग्रजीतलं ‘ॲम आय राईट’ आहे ते मला हायस्कूलला गेल्यावर कळलं. गावागणिक हे सगळं थोडं बदलतं, तुमच्या वाड्यावर वेगळं असेल तर तुमचंच खरं धरा.

पण मुलगी कंटाळली ती नियमांमुळे नाही. मला वाटतं ती कंटाळली कारण ती एकटी होती आणि शिकवायला आई होती. आठवून बघा, तुम्हाला ठिकरी आईने शिकवली होती का? मला नाही. शेजारची चार वर्षांनी मोठी मुलगी होती तिने शिकवली, तीही शिकवायची म्हणून नाही, तिला धाकट्या भावाला सांभाळत खेळायला लागायचं म्हणून आम्ही सगळी बारकी तिच्या मागे असायचो. आणि आम्ही होतो लिंबूटिंबू. लिंबूटिंबूने रेषेवर पाय दिला तरी तो आऊट नाही, त्याच्यावर राज्य नाही, पण डाव मात्र त्याला मिळणार. मला हा आपल्या मुलांनी काढलेला सगळ्यात शहाणा नियम वाटतो. कोणी पुस्तकात लिहिलेला नाही, कोणा सरांनी सांगितलेला नाही, तरी 5 वर्षांचं पोर 11 वर्षांच्या मुलींबरोबर खेळतं आणि कधीतरी एके दिवशी त्याला सांगतात, आजपासून तू खरी भिडू. तो दिवस मला अजून आठवतो, दिवाळीच्या आधीचा होता, पाऊस गेल्यावर अंगण चोपून नुकतं शेणाने सारवलं होतं आणि त्यावर रेषा ओढल्या म्हणून आजीने आम्हाला ओरडलं होतं.

आताच्या मुलांना शाळेत आपल्याच वर्गातली मुलं, क्लासला आपल्याच बॅचची. तेव्हा खडू तुम्ही आखू नका. बिल्डिंगमधली 11-12 वर्षांची एखादी मुलगी शोधा, तिच्या हातात खडू द्या, दोन बारकी पोरं पण बोलवा आणि तुम्ही वर जाऊन चहा करा. भांडणं होतील, होऊ दे. लगेच खाली धावू नका.

प्रश्न : माझं वय 44. दोरीवरच्या उड्या मला खूप आवडायच्या, पण मोठी झाल्यावर घरच्यांनी बंद केल्या, पोटाला वाईट म्हणून. आता परत सुरू करावंसं वाटतं. चालेल का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : बाई, तुमच्या या एका ओळीने मला फार वाईट वाटलं. आमच्या वाड्यावर पण असंच होतं, पाळी आली की मुलगी उड्या मारायची बंद. गणेशचवथीला फुगडी मात्र चालायची, घामाघूम होईपर्यंत, बसफुगडीत उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकत उड्या मारायच्या तेव्हा कोणाला पोट आठवायचं नाही. उड्यांनी गर्भाशयाला काही होत नाही. उलट वाढीच्या वयात हाडांवर असा दणका बसला की ती बळकट होतात, म्हणून तर जागतिक आरोग्य संघटना 2020 पासूनच्या आपल्या सूचनांत 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं अंगमेहनत करावी आणि आठवड्यातून निदान 3 दिवस हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम त्यात असावा असं सांगते. मुलगे-मुली असा फरक त्यात नाही. घरात कोणी पुतणी-भाची असेल तर तिला थांबवू देऊ नका एवढं माझं ऐका.

आता तुमचं. गुडघे दुखत असतील, बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नसेल तर सावकाश, पहिल्या आठवड्यात 20 उड्या आणि मग थांबायचं. टाचेवर आपटायचं नाही, चवड्यावर उतरायचं, आणि जमिनीपासून बोटभर उठलं तरी पुरे, दोरी खालून जाते. बूट घाला. अजून एक, हे बायका बोलत नाहीत म्हणून मी लिहिते. बाळंतपणानंतर उडी मारताना लघवीचे थेंब जातात खूप जणींना, आणि त्या लाजून खेळणंच सोडतात. तसं होत असेल तर त्यावर व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्टकडे किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, बऱ्याच जणींना चांगला फरक पडतो.

दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून दोन्ही टोकं वर ओढा, काखेपर्यंत आली की माप बरोबर. बाजारातली प्लास्टिकची फार हलकी असते, फिरताना वळ्या पडतात. आम्ही विहिरीची जुनी राजू, म्हणजे पाणी काढायची दोरी, वापरायचो, ती जड, कधी कधी मुद्दाम ओली करायचो म्हणजे छान गोल फिरायची आणि जमिनीला लागली की थप्प आवाज यायचा, त्या आवाजावर उडी. लांब दोरी फिरवायला दोघी लागतात असं वाटतं, पण एक टोक माडाला बांधलं तर एकीचं काम भागतं. तेवढ्या उंचीवर बांधा की फिरवणारीचा हात कमरेशी राहील.