'द ग्रेटेस्ट शोमॅन' मुलांना दाखवावा का? आणि त्यातली गोष्ट खरी आहे का?

हो, नक्की दाखवा. पण सिनेमा ज्याच्यावर बेतलाय त्या बार्नमचं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन सर्कसवाल्याचं चरित्र म्हणून नको, संगीतपट म्हणून. मी तो थिएटरात आणि नंतर घरी मुलांबरोबर पाहिलाय, बार्नमबद्दल वाचलंही आहे. गाणी पासेक आणि पॉल या जोडीची आहेत आणि सिनेमा त्यांच्यावरच उभा आहे. 'धिस इज मी'चा प्रसंग तर मला फारच भिडतो. आतल्या पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून बार्नम आपल्याच कलाकारांच्या तोंडावर दार लावतो. दाढीवाली लेटी क्षणभर गप्प उभी राहते, मग अगदी खालच्या आवाजात गायला लागते, आणि गाणं संपेपर्यंत सगळी टोळी रस्त्यावरच्या जमावाला न जुमानता ताठ मानेने पुढे गेलेली असते. किआला सेटलने ते जीव ओतून गायलंय. झेंडाया आणि झॅक एफ्रॉनचं दोरांवरचं गाणंही पडदा मोठा असेल तर आणखी खुलतं.

खरेपणाचं म्हणाल तर एफ्रॉनचा फिलिप आणि झेंडायाची ॲन ही पात्रं काल्पनिक आहेत. बार्नम सर्कशीत उतरला तेव्हा साठीचा होता. आणि १८३५ मध्ये त्याने जॉइस हेथ या वृद्ध, अंध, गुलाम स्त्रीला १६१ वर्षांची म्हणून लोकांपुढे मांडलं. ती वारल्यावर तिच्या शवविच्छेदनाचीही तिकिटं विकली. सिनेमात हे कुठेच येत नाही, आणि मला ते खटकतं. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर हे त्यांना जरूर सांगा.