ऑपरेशनला पाच महिने आणि टेस्टवर दोन रेघा: आता काय करायचं?

प्रश्न असा आहे: "वजन कमी करण्याचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. दीड वर्ष तरी मूल नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काल घरी टेस्ट केली, दोन रेघा आल्या. बाळात व्यंग येईल का? पाडावं लागेल का? सर्जनना सांगायची हिंमत होत नाही."

ताई, मला सातव्या महिन्यात राहिलं होतं. बायपास झाला होता माझा, हृदयाचा नाही, पोटाचा: पोट लहान करून ते आतड्याला थोडं पुढे जोडतात तो. मुलगी आता चार वर्षांची आहे आणि मी हे लिहितेय तेव्हा शेजारी बसून माझ्या गोळ्यांच्या जुन्या डब्यात मणी भरतेय. मी डॉक्टर नाही. सोसलं ते आणि त्या नऊ महिन्यांत विचारून विचारून कळलं ते सांगते.

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. मीही लपवलं होतं, अकरा दिवस. ओरडा बसेल म्हणून. त्या अकरा दिवसांत रोज सकाळी मी रक्तदाबाची जी गोळी घेत होते, ती गरोदरपणात चालणारी नव्हती. मल्टिव्हिटॅमिनही वेगळं घ्यायला हवं होतं. हे मला कसं कळणार? सर्जनला कळलं असतं, पण त्याला मी सांगितलंच नव्हतं. शेवटी गेले तेव्हा ओरडा बसलाच नाही. त्यांनी मान हलवली, "होतं असं, बऱ्याच जणींचं होतं" म्हणाले आणि रक्ताच्या तपासण्यांची ही लांबलचक चिठ्ठी लिहून दिली. तुम्ही रक्तदाबाच्या, साखरेच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या किंवा वजनाचं इंजेक्शन घेत असाल, तर त्यासाठी तरी आजच फोन करा. मनानं बंदही करू नका आणि तसंच चालूही ठेवू नका, विचारा.

आता व्यंगाचं. मी रात्र रात्र हेच शोधत बसायचे. स्वीडनमध्ये बायपास झालेल्या बायकांच्या बाळंतपणांचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात मोठं जन्मजात व्यंग असलेल्या बाळांचं प्रमाण ३.४ टक्के होतं, आणि ऑपरेशन न झालेल्या पण यांच्या ऑपरेशनआधीच्या वजनाएवढंच वजन असलेल्या बायकांमध्ये ४.९ टक्के. म्हणजे ऑपरेशनमुळे व्यंग येतं, असं त्यात दिसलं नाही. खरी काळजी दुसरीच आहे: बाळाची वाढ. स्वीडनच्याच २०१५ च्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांची १५.६ टक्के बाळं दिवसांच्या मानानं लहान भरली, ऑपरेशन न झालेल्यांच्या गटात ७.६ टक्के. उलट गरोदरपणातला मधुमेह १.९ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात ६.८ टक्क्यांना. म्हणजे ऑपरेशननं एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं थोडं काढून घेतलं. हे आकडे ऑपरेशननंतर कधीही राहिलेल्या सगळ्यांचे आहेत, पाचव्या महिन्यात राहिलेल्यांचे वेगळे काढलेले नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

पाडायचं म्हणाल, तर नुसतं लवकर राहिलं एवढ्यावरून मला कोणीही तसं सांगितलं नाही. तुम्हाला मूल हवंय की नको, हा प्रश्न तुमचा आहे आणि तो वेगळा आहे. पण भीतीपोटी, कोणाला न विचारता, परस्पर गोळ्या आणून काही करू नका.

मग ते बारा ते अठरा महिने थांबा का म्हणतात? कारण पहिल्या वर्षात वजन झपाट्यानं उतरत असतं, म्हणजे शरीर स्वतःच उपाशी असल्यासारखं जगत असतं. खाणं चार घासांचं, त्यातही बायपासमध्ये लोह, बी-१२, कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. साठा रिकामा होत असतो आणि नेमकं त्याच वेळी बाळ मागायला लागतं. तुमचं ऑपरेशन कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. स्लीव्ह असेल, म्हणजे पोटाचा मोठा भाग काढून नुसती नळी ठेवलेली असेल, तर आतड्याचा रस्ता बदललेला नसतो, त्यामुळे शोषणाचा त्रास तुलनेनं कमी. बँड असेल, म्हणजे पोटाच्या वरच्या भागाला पट्टा आवळलेला असेल, तर गरज पडल्यास तो सैल करता येतो. बायपास असेल तर माझंच सगळं तुम्हाला लागू.

आणि हो, "असं कसं झालं" म्हणून स्वतःला खात बसू नका. माझी पाळी वर्षानुवर्षं तीन-तीन, चार-चार महिन्यांनी यायची. पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते तो आजार. मूल होणं अवघड आहे, हे इतक्यांदा ऐकलं होतं की ते माझ्या नावाचाच भाग झालं होतं. वजन उतरायला लागलं आणि तिसऱ्या महिन्यापासून पाळी कॅलेंडर बघून यायला लागली. मला त्याचा आनंद झाला, त्याचा अर्थ काय ते डोक्यात आलं नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या, पण बायपासनंतर पोटातून घ्यायच्या गोळीवर भिस्त ठेवू नये, तांबी किंवा इम्प्लांट (दंडात कातडीखाली बसवायची गर्भनिरोधक कांडी) बरं, हे मला नंतर कळलं. कदाचित आधीही कोणी सांगितलं असेल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हातात दिलेले वीस कागद कोण वाचतं?

गोळ्यांकडे येते, कारण पुढचे महिने तुमचं घड्याळ त्याच चालवणार आहेत. माझा डबा चार खणांचा होता. सकाळी लोह. कॅल्शियम त्याच्यासोबत घेतलं तर लोह शोषू देत नाही, म्हणून मध्ये दोन तास तरी जाऊ द्यायचे. कॅल्शियम दुपारी आणि रात्री, तेही सायट्रेटचं, कारण त्याला पोटातलं आम्ल फारसं लागत नाही. मग ड जीवनसत्त्व. बी-१२ चं मला इंजेक्शनच होतं. फॉलिक ॲसिड सगळ्यांनाच देतात, ४०० मायक्रोग्रॅम; पण बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) अजून ३० च्या वर असेल किंवा मधुमेह असेल तर डॉक्टर बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची गोळी लिहितात, ते विचारून घ्या. आणि मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीमागचं बारीक अक्षर वाचा: अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात असेल तर ते बदलून मागा, बीटा कॅरोटिनवालं घ्या. रेटिनॉल जास्त झालं तर गर्भाला घातक असतं. ऑपरेशननंतरच्या काही गोळ्यांत ते भरपूर असतं, म्हणून वर म्हटलं की मल्टिव्हिटॅमिन वेगळं हवं होतं. रक्त मात्र दर तीन महिन्यांनी तरी तपासायचं. माझं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, दोनदा घसरलं आणि दुसऱ्यांदा लोह शिरेतून द्यावं लागलं.

सगळ्यात अवघड काय गेलं सांगू? काटा. टेस्ट केली त्या दिवशी मी ८६ किलो होते, ऑपरेशनच्या वेळी ११८. सात महिने दर सोमवारी आकडा उतरलेला बघून माझा आठवडा सुरू व्हायचा. गरोदर राहिल्यावरही तो उतरत राहिला, ८३ पर्यंत. आणि मला, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. पोटात बाळ आहे, वजन घटतंय, आणि मी आरशासमोर खूश. आहारतज्ज्ञ बाईंनी ते चेहऱ्यावरून ओळखलं असावं. त्यांनी माझ्याकडून काटा घरातून बाहेर काढून घेतला. वजन फक्त त्यांच्याकडे करायचं. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं, घास मोजून नाही तर ग्रॅम मोजून, असं त्यांनी वहीत लिहायला लावलं. बीएमआय ३० च्या वर असेल तर पूर्ण गरोदरपणात साधारण ५ ते ९ किलो वाढावं, हे सर्वसाधारण गणित. पाचव्या महिन्यात काटा पहिल्यांदा वर सरकला तेव्हा मी त्यांच्या खोलीत रडले. बाळासाठी आनंद होता, पण थोडं ते वाढलेल्या आकड्याचंही होतं. हे कोणी बोलत नाही, म्हणून लिहिलं. तुम्हालाही असं वाटलं तर तुम्ही वाईट आई नाही. वर्षानुवर्षं ज्या काट्यानं आपल्याला मारलं, तो एका टेस्टनं मित्र होत नाही.

उलट्यांबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सगळे म्हणतील, पहिले तीन महिने, होणारच. आपल्या बाबतीत ते अर्धंच खरं. सारखी उलटी होऊन काही पोटात राहत नसेल, तर बी-१ म्हणजे थायमिन काही आठवड्यांतच संपू शकतं आणि त्याचा परिणाम थेट मेंदूवर होतो. सलाइन लावायला गेलात तर आधी सांगा की असं असं ऑपरेशन झालंय. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर प्रकरण बिघडू शकतं. रात्रपाळीच्या डॉक्टरला तुमची फाइल माहीत नसते.

ग्लुकोजवरून आठवलं. सहाव्या महिन्यात साखरेची तपासणी करतात, ग्लुकोजचं पाणी पाजून. मी प्रयोगशाळेत काउंटरवरच सांगितलं की माझा बायपास झालाय. तिथल्या माणसानं चिठ्ठी बघितली, "सगळ्यांना हेच असतं मॅडम" म्हणाला आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजचा पेला पुढे केला. मी मूर्खासारखा प्यायले. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली. कपाळावरून घाम कानात उतरतोय, पोटात पीळ, आणि समोरच्या भिंतीवरचं पोस्टर पुढेमागे व्हायला लागलं. बाकड्यावर आडवी झाले. एका अनोळखी बाईनं माझी पर्स उशाला दिली. हे ओसरलं असं वाटलं तोवर दीड तासानं दुसरी लाट: साखर एकदम खाली, हात थरथरायला लागले. याला डम्पिंग म्हणतात; गोड एकदम आतड्यात ओतलं जातं आणि शरीर गांगरतं. अहवाल आला तो काही कामाचा नव्हता. नंतर माझ्या डॉक्टरांनी सांगितलं तसं आठवडाभर घरीच बोट टोचून, उपाशीपोटी आणि जेवणानंतर साखर मोजली, आणि तेवढं पुरलं. तुम्ही ही सोय आधीच मागून घ्या. आणि पेला पुढे आला तर "नको" म्हणा. तो शब्द मला त्या दिवशी सुचला नाही.

पोटदुखी. बायपास झाला असेल तर हा परिच्छेद नवऱ्यालाही वाचायला द्या. गर्भाशय मोठं होत जातं तसं आतडं वर ढकललं जातं, आणि ऑपरेशनमध्ये आत राहिलेल्या फटीत ते अडकू शकतं. इंटरनल हर्निया म्हणतात. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. पोटात वरच्या बाजूला जोरात दुखतंय, थांबत नाही, उलट्या होताहेत, तर ॲसिडिटी म्हणून सकाळपर्यंत वाट बघायची नाही. मला एकतिसाव्या आठवड्यात रात्री दोनला असं दुखलं. ड्यूटीवरच्या मुलानं गॅसची गोळी देऊ केली. मी अडून बसले, की माझ्या सर्जनला फोन लावा. लावला, ते आले, तपासण्या झाल्या, निघालं काही नाही. मला ओशाळल्यासारखं झालं तर सर्जन म्हणाले, पुढच्या वेळीही असंच उठवा. वेदनाशामक गोळीही मनानं घेऊ नका; आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बायपासच्या जोडावर व्रण करतात आणि गरोदरपणातही चालत नाहीत.

बाळंतपणाचं फार सांगण्यासारखं नाही. ऑपरेशन झालंय म्हणून सिझेरियनच करावं लागतं असं नाही, माझं नॉर्मल झालं. चोविसाव्या आठवड्यापासून दर महिन्याला सोनोग्राफी करून वाढ बघत होते. मुलगी अडतिसाव्या आठवड्यात झाली, २ किलो ४०० ग्रॅम. बारीक, पण आवाज असा की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. अंगावर पाजलं, आणि पाजत होते तोवर बी-१२ चं इंजेक्शन चुकवलं नाही, कारण आईच्या अंगात नसेल तर दुधातही उतरत नाही.

फोन करायच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: ऑपरेशन कोणतं आणि कोणत्या तारखेला, शेवटची पाळी कधी, आणि सध्या चालू असलेली प्रत्येक गोळी, बाटलीवर छापलंय तसं. लिहूनच घ्या, कारण फोनवर रडू येतं. मला आलं. पलीकडची रिसेप्शनिस्ट थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "रडा, पण आधी पाळीची तारीख सांगा."