'पुट ऑफ = पुढे ढकलणे' एवढंच पाठ केलंत तर कॉलवर अडणारच

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीत सपोर्टला आहात, क्लासने दिलेली ३०० फ्रेझल व्हर्ब्जची यादी तोंडपाठ आहे, आणि तरीही क्लायंट 'द प्राइस रिअली पुट मी ऑफ' म्हणाला तेव्हा काहीतरी पुढे ढकललं गेलंय असंच तुम्हाला वाटलं. वाचता वाचता ती यादी डोळ्यांपुढे आली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे एक मराठी शब्द, मध्ये बरोबरचं चिन्ह. पुण्यातल्याच एका क्लासच्या अशाच यादीवर माझं दीड वर्ष वाया गेलंय, म्हणून सविस्तर लिहिते. क्लासचं नाव सांगणार नाही.

फ्रेझल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि त्याला जोडलेला 'ऑफ', 'अप'सारखा छोटा शब्द, हे तुम्हाला माहीतच आहे. घोळ त्या बरोबरच्या चिन्हात आहे.

आपलं 'लागणे' घ्या. स्वारगेटला 'गाडी लागली' म्हणजे फलाटावर आली. वरंध घाटात 'गाडी लागली' म्हणजे पोटात ढवळतंय. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दार लागतं. कुणी परदेशी माणसाने 'लागणे'समोर एकच इंग्रजी शब्द लिहून पाठ केला तर त्याचं जे होईल, तेच आपलं 'पुट ऑफ'मध्ये होतं. मीटिंग पुट ऑफ केली तर ती पुढे गेली. दिवा पुट ऑफ केला तर तो मालवला. माणूस पुट ऑफ झाला तर त्याचं मन उडालं. तुमच्या क्लायंटचं किंमत ऐकून मन उडालं होतं. अर्थ ठरवते ती सोबतची वस्तू, म्हणून वहीत नुसतं क्रियापद कधीही लिहू नका. 'पुट ऑफ द मीटिंग', 'टेक ऑफ युवर शूज', 'टेक ट्यूजडे ऑफ' असं वस्तूसकटच लिहा.

दुसरी गोष्ट कोणतीच यादी सांगत नाही: 'इट' कुठे बसतं. 'पिक अप द पार्सल' चालतं, 'पिक द पार्सल अप' चालतं, पण सर्वनाम आलं की फक्त 'पिक इट अप'. 'पिक अप इट' साफ चूक. उलट 'लुक इंटू'मध्ये 'इट' मध्ये शिरतच नाही, 'आय विल लुक इंटू इट' असंच म्हणायचं. हे अर्थावरून ओळखता येत नाही. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, तिथे नोंदीचं शीर्षक नीट बघा. 'पुट समथिंग ऑफ' छापलंय की 'लुक इंटू समथिंग', म्हणजे 'समथिंग' मध्ये आहे की शेवटी, यातच उत्तर असतं. 'पुट अप विथ' यासारख्या तीन शब्दांच्या बहुतेक जोड्यांत 'इट' शेवटीच येतं. आणि वस्तूचं वर्णन लांबलचक असेल तर जोडी फोडू नका. 'पिक द पार्सल दॅट केम फ्रॉम नागपूर यस्टरडे अप' ऐकणाऱ्याला तो 'अप' येईपर्यंत वाक्य हरवलेलं असतं.

हीच 'इट'ची कसोटी ईमेलमध्ये वापरा. 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' हे मला रोज दिसतं आणि रोज खटकतं. 'लुकिंग फॉरवर्ड टू इट' म्हणता येतं ना? मग त्या 'टू'नंतर नाम किंवा 'इंग'वालं रूप हवं: 'टू हिअरिंग फ्रॉम यू'.

आता 'अप', 'ऑफ', 'आउट' यांचं काय करायचं? आपल्याकडे 'टाकणे', 'देणे', 'जाणे' दुसऱ्या क्रियापदाला चिकटून जे काम करतात, त्याच्या जवळपासचं काम हे शब्द करतात. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत जो फरक, तोच 'ईट' आणि 'ईट इट अप' यांत. झाड 'कट डाउन' केलं म्हणजे पाडलं, मग त्याचे ओंडके करायला ते 'कट अप' करावं लागतं. 'डाउन'मध्ये खाली येणं आहे, 'अप'मध्ये पुरतं तुकडे होणं. मात्र ही तुलना डोळे झाकून लावू नका. 'गिव्ह अप' म्हणजे देऊन टाकणे नव्हे, सोडून देणे. देऊन टाकण्याला 'गिव्ह अवे'. (मी भाषाशास्त्र शिकलेली नाही, हे रोजच्या वापरातून सांगतेय.)

तुमच्या कामात सगळ्यात महाग पडतात त्या तारखा आणि वेळा, तिथे थोडं थांबा. 'पुट ऑफ' आणि 'पुश बॅक' म्हणजे नंतरची वेळ. 'बॅक' ऐकून अनेकांना वाटतं मीटिंग अलीकडे आली, आणि ते आधीच लॉग इन करून एकटेच बसतात. अलीकडे घेण्याला 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणतात, आपलं 'प्रीपोन' बाहेर फारसं कळत नाही. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्दच. एक बारीक 'ऑन' मात्र सगळं बदलतो: 'दे पुश्ड बॅक द डेट' म्हणजे तारीख पुढे नेली, 'दे पुश्ड बॅक ऑन द डेट' म्हणजे तारखेला हरकत घेतली. कॉल संपवण्यापूर्वी 'सो, थर्सडे इन्स्टेड ऑफ ट्यूजडे?' असं वार घेऊन विचारा. त्यात कमीपणा नाही.

आपल्या काही सवयींबद्दलही लिहिते. आपापसांत त्या चालतात, मला त्यात काही वावगं वाटत नाही, पण परदेशी माणूस गोंधळतो. 'कोप अप विथ' नाही, नुसतं 'कोप विथ'. बस, ट्रेन, विमान, दुचाकी यांवरून 'गेट ऑफ', रिक्षा किंवा कारमधून 'गेट आउट ऑफ'. फॉर्म 'फिल इन' किंवा 'फिल आउट' करतात, 'फिल अप' गाडीची टाकी. 'आय पास्ड आउट इन २०१९' ऐकून परदेशी माणसाला वाटतं तुम्ही बेशुद्ध पडलात, तिथे 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. खडकवासल्याच्या एनडीएची 'पासिंग आउट परेड' मात्र बरोबर आहे. लष्करी प्रशिक्षण पूर्ण करण्याला ब्रिटिश इंग्रजीत 'पास आउट'च म्हणतात, आणि तिथूनच तो शब्द आपण कॉलेजला लावला असावा असं मला वाटतं.

तिकिटात, म्हणजे क्लायंटच्या तक्रारीच्या नोंदीत, लिहिताना क्रिया असेल तर दोन शब्द सुटे ठेवा: 'प्लीज लॉग इन', 'बॅक अप द डेटा'. वस्तू असेल तर जोडून: 'युवर लॉगिन', 'द बॅकअप फेल्ड'. बोलतानाही वस्तूच्या नावात जोर पहिल्या भागावर येतो, क्रियेत दुसऱ्यावर.

आता त्या ३०० चं काय? बाजूला ठेवा. स्वतःच्या जुन्या ईमेल्स आणि कॉलच्या नोंदी उघडा आणि क्लायंट खरंच काय वापरतो ते उचला. सपोर्टमध्ये फिरून फिरून येतात त्या ४०-५० जोड्या: लुक इंटू, सॉर्ट आउट, रूल आउट, रोल बॅक, रन इंटू, फॉलो अप, गेट बॅक टू. आठवड्याला पाच घ्या, प्रत्येकीची दोन वाक्यं लिहा, एक वस्तूसकट आणि एक 'इट' किंवा 'यू' घालून: 'आय विल गेट बॅक टू यू बाय फोर'. आणि पहिल्याच आठवड्यात 'हँग ऑन' आणि 'हँग अप' शेजारी शेजारी लिहा. पहिल्याचा अर्थ जरा थांबा, दुसऱ्याचा फोन ठेवून देणे. क्लायंट 'हँग ऑन' म्हणाला की लाइनवरच राहायचं.